अन्ननलिकेच्या ऑपरेशननंतर नाना चार घासांतच थांबतात, घरच्यांनी काय करावं?

भाऊ, तुमचा प्रश्न नीट वाचला. निफाडकडचे तुम्ही, वडिलांचं म्हणजे नानांचं अन्ननलिकेच्या कॅन्सरचं ऑपरेशन जुलैत नाशिकला झालं, त्याआधी किमो आणि शेक (रेडिएशन) पूर्ण झाले होते, रिपोर्ट चांगला आलाय आणि आता दोन महिने होत आलेत, पोटावरची फीडची नळी अजून आहे. नाना चार घास खातात अन् ताट बाजूला सारतात, शिरा किंवा ज्यूस दिला की घाम फुटतो, छाती धडधडते, रात्री ठसका लागून उठून बसतात, मध्येच घास अडकल्यासारखं वाटतं, वजन आजाराआधी ६४ होतं ते आता ५५ आहे, आई रडते आणि येणारा प्रत्येक पाहुणा म्हणतो की जरा बळजबरी करा, खाल्लं नाही तर ताकद कशी येणार. नळी कधी निघेल आणि गोडी छाटणीला, म्हणजे द्राक्षाच्या फळासाठीच्या छाटणीला, बागेत जाता येईल का हेही विचारलंय.

मी आहारतज्ज्ञ आहे, नाशिकमध्ये बरीच वर्षं कॅन्सर सर्जरीच्या पेशंटसोबत काम करतेय, अन्ननलिकेवाले पेशंट त्यात भरपूर असतात. नानांचं डिस्चार्ज कार्ड माझ्यासमोर नाही त्यामुळे काही गोष्टी तुमच्या सर्जनलाच विचाराव्या लागतील. अन्ननलिका आणि जठराचा जोड मानेत आहे की छातीत, शुगर आहे का, आवाज घोगरा झालाय का, नळीतून दिवसाला किती फीड जातंय, या चार गोष्टींवर बरंच काही बदलतं. बाकी जे जवळपास सगळ्यांना लागू पडतं ते सांगते.

तुम्ही विचारलंय की नानांनी जास्त खावं म्हणून काय करू. मला दिसतंय ते असं की घरातले सगळे अजून जुन्या पोटाच्या हिशोबाने वाढतायत आणि नाना नव्या पोटाने जेवतायत. ते हट्ट करत नाहीयेत, त्यांचं मन उडालेलं नाहीये, आत खरोखर जागा नाही. हे एकदा घरात सगळ्यांना समजलं ना की निम्मी भांडणं तिथेच मिटतात, म्हणून आधी आत काय झालंय ते सांगते.

या ऑपरेशनमध्ये अन्ननलिकेचा बहुतेक भाग आणि जठराचा वरचा थोडा भाग काढतात. मग उरलेल्या जठराची एक अरुंद नळी शिवून ती वर छातीत ओढून घेतात आणि अन्ननलिकेच्या राहिलेल्या टोकाला जोडतात. तुम्ही बागायतदार आहात म्हणून तुमच्या भाषेत सांगते, आधी नानांकडे शेततळं होतं, पाणी कधीही आणि कितीही आलं तरी साठायचं आणि ड्रिपने हळूहळू पुढे जायचं, आता तळं गेलंय आणि फक्त पाईप उरलाय. एकदम पाणी सोडलं तर एकतर ते वर फुगणार नाहीतर एकदम खाली धावणार. नानांचं चार घासांत भरणं हे पहिलं आणि शिरा खाल्ल्यावरचा घाम हे दुसरं.

शिवाय दोन गोष्टी गेल्यात. अन्ननलिका आणि जठर यांच्यामध्ये जी झडप असते, जी खाल्लेलं वर येऊ देत नाही, ती ऑपरेशनमध्ये निघते आणि परत बसवता येत नाही, रात्रीचा ठसका त्यामुळे. आणि जठराला हलवणारी व्हेगस नावाची नस कापली जाते, म्हणून जठर कधी फार हळू रिकामं होतं तर कधी फार पटकन. भूक लावणारं हार्मोनसुद्धा मुख्यतः जठराच्या वरच्या भागात बनतं, त्यामुळे खरी कडकडून भूक बरेच महिने लागतच नाही. म्हणून "भूक लागली की सांगा हं नाना" हे वाक्य आता बंद. भुकेची वाट बघितली तर दिवसभरात दोनदाच खाणं होईल. घड्याळ बघून खायचं, भूक असो नसो, आणि भरलं की लगेच थांबायचं, त्यांनी हात वर केला की तो घास शेवटचा. "एवढा एक घास" हा जो आपल्याकडचा आग्रह आहे ना तो या पेशंटला खरंच त्रास देतो, त्या एका घासाने पुढचा अर्धा-पाऊण तास छातीत दाटून येतं, कधी उलटी होते, आणि मग पुढच्या खाण्याची माणसाला धास्ती बसते.

आता प्रत्यक्ष खाणं. दिवसातून सहा ते आठ वेळा, प्रत्येक वेळी एक लहान वाटी, सुरुवातीला वाटीसुद्धा पूर्ण नाही. ताट काढूनच टाका समोरून, मोठ्या ताटात दोन चमचे भात दिसला की खाणाऱ्यालाही वाईट वाटतं आणि वाढणाऱ्यालाही. लहान वाटी, लहान चमचा, सरळ बसून, घास अगदी पातळ होईपर्यंत चावून, वीस-पंचवीस मिनिटं लावून. जेवताना बोलणं कमी, टीव्हीवर बातम्यांची भांडणं नकोत, घाईघाईत हवा गिळली जाते आणि तीच जागा खाते.

पाणी जेवणासोबत नाही. घशाला ओल म्हणून एखाद-दोन घोट चालतील पण ग्लासभर पाणी, ताक, चहा हे खाण्याच्या अर्धा तास आधी किंवा अर्ध्या तासानंतर. यामागे दोन कारणं आहेत, एकतर पाण्यानेच पोट भरतं आणि अन्नाला जागा राहत नाही, दुसरं म्हणजे अन्न पाण्याबरोबर वाहून एकदम आतड्यात जातं. पण म्हणून पाणी कमी करू नका, दिवसाचं दीड लिटरच्या आसपास व्हायला हवं (नळीतून जाणारं धरून), फक्त घोट घोट करून मधल्या वेळात. लघवी गडद पिवळी दिसायला लागली किंवा उभं राहिल्यावर चक्कर यायला लागली तर पाणी कमी पडतंय असं समजा.

वेळापत्रक सांगते, डोळे झाकून पाळू नका, नानांच्या सवयीप्रमाणे पुढेमागे करा. सकाळी उठल्यावर अर्धा कप चहा, फार गरम नको आणि साखर नावाला. तासाभराने एक अंडं मऊ उकडून किंवा मुगाचं लुसलुशीत धिरडं अर्धं, चालत असेल तर वर थोडं पनीर किसून. दहाच्या सुमारास नागलीची पेज, पण साखर-गुळाची नाही, ताकातली मीठ-जिरं घालून, आणि जरा दाटसर. साडेबाराला मूगडाळीची गुरगुटी खिचडी, त्यात डाळ जास्त तांदूळ कमी आणि चमचाभर तूप. तीनला घट्ट दही किंवा अर्धं केळं बारीक कुटलेल्या शेंगदाण्याच्या लोण्याबरोबर. साडेपाचला मऊ उपमा किंवा इडली वरणात कुस्करून. शेवटचं खाणं साडेसातपर्यंत, त्यानंतर काही नाही, आणि दहा-साडेदहाशिवाय आडवं व्हायचं नाही. मळ्यात राहणाऱ्या घरांत रात्रीचं जेवण नऊला होतं मला माहितीये, पण नानांचं वेगळं ठेवा, नऊला ते नुसते सगळ्यांबरोबर बसतील.

आता ताकदीचं. आपल्याकडे असा समज आहे की डाळीचं वरचं पाणी, भाताची पेज, चिकन उकळलेलं नुसतं पाणी यात सगळं सत्त्व उतरतं. तसं होत नाही, प्रथिनं बहुतेक त्या डाळीत आणि चिकनमध्येच राहतात आणि पाण्याने पोट मात्र भरतं. नानांसारख्या पेशंटला जागा इतकी थोडी असताना ती पाण्यावर घालवायची नाही. अळणी रस्सा देताय ना, चांगलं आहे, पण त्यातलं मटण किंवा चिकन मऊ शिजवून मिक्सरमधून काढून त्यातच मिसळा. ५५ किलोच्या माणसाला या काळात साधारण ६५ ते ८० ग्रॅम प्रथिनं रोज लागतात. एका अंड्यात ६ ग्रॅम, १०० मिली दुधात ३ च्या आसपास, १०० ग्रॅम पनीरमध्ये साधारण १८ ग्रॅम, म्हणजे तुमच्या लक्षात येईल की तोंडाने एवढं होणं आत्ता अवघड आहे आणि नळी का ठेवलीये. म्हणून प्रत्येक वाटीत काहीतरी टाकायचं, खिचडीत अंड्याचा पांढरा फेटून, दुधात साधी दूध पावडर, उपम्यात सोयाबीनचं पीठ चमचाभर, भाजीत पनीर किसून. बाजारातली प्रोटीन पावडर चालते पण डब्यामागे साखर किती आहे ते वाचा, गोड पावडरने हाच घामाचा त्रास होतो.

तूप-तेलाबद्दल दोन टोकं बघते मी, कुणी पूर्ण बंद करतं तर कुणी वाटीभर ओततं. थोडं थोडं द्या. संडास चिकट, फिकट, तेलकट, पाण्यावर तरंगणारी, फार घाण वास येणारी होत असेल तर तूप पचत नाहीये, तेव्हा घरच्या घरी तूप बंद करून बसू नका, डॉक्टरांना सांगा, पाचक एन्झाईमच्या गोळ्या असतात आणि त्यांनी वजनात बराच फरक पडतो. जुलाबाला बाकी कारणंही असतात, त्यामुळे मेडिकलमधून जुलाब थांबायची गोळी आणून महिनोन्महिने देऊ नका.

शिरा आणि ज्यूसचा घाम. याला डंपिंग म्हणतात. गोड, पातळ, साखरेचं काही एकदम आतड्यात उतरलं की आतडं स्वतःकडे पाणी ओढून घेतं, मग दहा ते तीस मिनिटांत पोटात मुरडा, धडधड, घाम, कधी जुलाब, आणि माणसाला इतका थकवा येतो की आडवं व्हावंसं वाटतं. घरच्यांना वाटतं हार्ट अ‍ॅटॅक. दुसरा प्रकार उशिराचा, एक ते तीन तासांनी, त्यात साखर आधी भसकन वाढते, शरीर जास्त इन्सुलिन सोडतं आणि मग शुगर खाली येते, हातपाय थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते, घाम येतो. नानांना नेमकं किती वेळाने होतं ते लिहून ठेवा, त्यावरून कळतं कुठला प्रकार आहे. उशिरा होत असेल आणि घरात ग्लुकोमीटर असेल तर त्या वेळी शुगर मोजा. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्या, पंधरा मिनिटांनी परत मोजा, आणि बरं वाटल्यावर अंडं, पनीर असं काहीतरी द्या. पण हा झाला तेवढ्या वेळेपुरता उपाय, रोजचा उपाय म्हणजे शिरा, गुलाबजाम, उसाचा रस, ग्लुकोज पावडर, फळांचे ज्यूस, गोड लस्सी हे बंद. पाहुण्यांनी आणलेल्या ज्यूसच्या खोक्यांना मुलांच्या हवाली करा. फळ द्यायचं तर अख्खं, मऊ, थोडं आणि खाण्यानंतर. बहुतेकांचा हा त्रास महिन्यांनी कमी होत जातो, शरीर सरावतं. छाती धडधडणं खाण्याशी संबंध नसताना होत असेल, ठोके अनियमित वाटत असतील, छातीत दुखत असेल तर मात्र डंपिंग समजून गप्प बसू नका, ईसीजी करून घ्या.

शुगर किंवा बीपीच्या गोळ्या चालू असतील तर हे फार महत्त्वाचं. वजन ९ किलो उतरलंय आणि खाणं निम्म्यावर आलंय, जुना डोस आता जास्त होऊ शकतो. फिजिशियनला दाखवून डोस बघून घ्या, आपल्या मनाने बंदही करू नका.

घास अडकण्याबद्दल तुम्ही एका ओळीत लिहिलंय पण मी त्यावर जास्त थांबेन. नुसता घाईत खाल्लेला कोरडा घास अडकणं वेगळं, आणि दर आठवड्याला वाढत जाणारं अडकणं वेगळं. जिथे जोड आहे तिथे जखम भरताना आतून आकुंचन होतं, त्याला स्ट्रिक्चर म्हणतात, आणि ते ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही महिन्यांत बऱ्यापैकी पेशंटना होतं. ओळख अशी की आधी पोळी-भाकरी अडकते, मग मऊ भात, मग खिचडी, आणि माणूस आपोआप पातळावर येतो, घरच्यांना वाटतं आवडीनिवडी बदलल्या. यासाठी स्कोपी (तोंडातून दुर्बीण घालून तपासणी) करून बलून किंवा डायलेटरने तो भाग रुंद करतात, बहुतेक वेळा त्याच दिवशी घरी सोडतात, पण एकदा करून भागेलच असं नाही, दोन-तीनदा किंवा जास्तही लागतं आणि ते नॉर्मल आहे. "अडकतंय म्हणजे आजार परत आला" असं म्हणून लोक घाबरून दवाखान्यातच जात नाहीत, मला याचं फार वाईट वाटतं कारण जे सोप्या उपायाने सुटलं असतं त्यापायी माणूस पाच-सहा किलो अजून घालवून बसतो. आजार परत आलाय का हेही त्या स्कोपीत बघितलं जातंच, दोन्ही कारणांसाठी जायलाच हवं. सरकारी आरोग्य योजनेतून ऑपरेशन झालं असेल तर हे रुंद करणं, म्हणजे डायलेटेशन, त्यात बसतं का ते हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला विचारून घ्या.

तोपर्यंत अडकणाऱ्या गोष्टी टाळा. पाव आणि ब्रेड सगळ्यात वाईट, आत गेल्यावर त्याचा लगदा होऊन गोळा बसतो. साबुदाणा चिकट म्हणून नको. बाजरीची भाकरी कोरडी नको, दुधात किंवा वरणात भिजवून हाताने मोडून द्या. मटणाचे धागेदार तुकडे, टोमॅटो-द्राक्षाची सालं, शेवग्याच्या शेंगा, पालेभाजीचे देठ, सुकं खोबरं हे सगळं सध्या नाही. आणि हो, नाशिकचा प्रत्येक पेशंट मला विचारतो तेच नानाही विचारतील, मिसळ कधी. तीन-चार महिन्यांनी, घास नीट उतरत असेल, जळजळ नसेल, तर मऊ शिजवलेली मटकी, तर्रीशिवाय, फरसाण आणि पावाशिवाय, गुरगुट्या भातावर दोन-तीन चमचे घालून बघा. चव मिळाली ना तोंडाला की माणूस पुढच्या खाण्याला तयार होतो. चवीसाठी लिंबू, जिरं, कोथिंबीर, मेतकूट, थोडं आलं वापरा, आजारी माणसाला अळणीच द्यायचं असं काही नाही.

रात्रीच्या ठसक्याकडे दुर्लक्ष नको. झडप नसल्यामुळे आडवं झालं की पोटातलं आणि पित्त वर येतं आणि श्वासनलिकेत जातं, वारंवार झालं तर न्यूमोनिया होतो. नुसत्या उशा रचू नका, उशांनी कंबरेत वाक पडतो आणि पोटावर दाब येतो. खाटेच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा किंवा लाकडी ठोकळे ठेवून ती बाजू सहा ते आठ इंच वर घ्या. शेवटच्या खाण्यानंतर निदान तीन तास बसणं, जरा अंगणात फेरी मारणं. अ‍ॅसिडची गोळी लिहून दिली असेल ती सांगितलेल्या वेळेलाच. आणि एक बघा, फक्त रात्री ठसका लागतो की दिवसा पाणी पितानाही. पाणी पिताना ठसका आणि सोबत आवाज घोगरा असेल तर आवाजाच्या नसेला इजा असू शकते, मग कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी स्वरयंत्र बघायला हवं आणि गिळण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या स्पीच थेरपिस्टची मदत लागते. हनुवटी छातीकडे झुकवून लहान घोट घेतल्याने काहींना बरं पडतं, पण ते नानांना चालेल का हे तपासणीनंतरच ठरवायचं.

आता नळी. तुम्हाला ती निघाली म्हणजे नाना बरे झाले असं वाटतंय, आणि नानांनाही तसंच वाटत असणार, पण माझ्या मते आत्ता नळीच त्यांना सांभाळतेय. तोंडाने जे होत नाही ते रात्रीतून नळीने जातं म्हणून दिवसा आग्रह करायची गरज उरत नाही. ही नळी लहान आतड्यात आहे, जठरात नाही, त्यामुळे सिरिंजने एकदम ढकलायचं नाही, पिशवीने थेंब थेंब किंवा पंपाने, नाहीतर मुरडा आणि जुलाब. फीड सुरू असताना डोक्याची बाजू उंच. फीडच्या आधी आणि नंतर ३० मिली कोमट पाण्याने धुवायची, फीड नसेल तरी दिवसातून काही वेळा. घरात वाटलेलं दाट काही आणि गोळ्यांचा चुरा विचारल्याशिवाय त्यात घालू नका, ती बारीक असते, चोंदते. आणि चुकून निघून आली तर सकाळी जाऊ म्हणून थांबू नका, ती वाट काही तासांत बंद व्हायला लागते, नळी सोबत घेऊन लगेच हॉस्पिटल गाठा. काढायची कधी ते सर्जन ठरवतात, साधारण हिशोब असा की नळीचं फीड हळूहळू कमी करत पूर्ण थांबवल्यावरही दोन-तीन आठवडे वजन टिकलं, तर मग काढतात.

वजनाचं म्हणाल तर पहिल्या सहा महिन्यांत दहा टक्के किंवा जास्त उतरणं या ऑपरेशननंतर बऱ्याच जणांचं होतं. नानांचं चौदा टक्के उतरलंय, हे जास्त आहे, पण त्यातलं काही ऑपरेशनआधीच गेलं असणार, किती ते जुन्या कागदांवर मिळेल. महत्त्वाचं हे की आता ते कुठे चाललंय. आठवड्यातून एकदाच, त्याच काट्यावर, सकाळी संडासला जाऊन आल्यावर, रोज नाही. रोज मोजलं की घरात रोज शोक होतो. सलग दोन-तीन आठवडे आठवड्याला किलोभर उतरत असेल तर पुढच्या तारखेची वाट न बघता फोन करा. ६४ वर परत जाणं हे ध्येय ठेवू नका, बरेच जण नव्या कमी वजनावर स्थिरावतात आणि चांगले राहतात. पुढे दर काही महिन्यांनी बी१२, लोह, डी जीवनसत्त्व तपासायला सांगा, या पेशंटमध्ये ती कमी पडतात आणि थकवा नुसता म्हातारपणावर ढकलला जातो.

बागेचं. तुमच्या नानांना छाटणीला जायचंय ही मला फार चांगली खूण वाटते. जाऊ द्या, पण कामाला नाही. पाठीवरचा फवारणीचा पंप, क्रेट उचलणं, ट्रॅक्टर हे आत्ता अजिबात नाही, जड उचलायची परवानगी सर्जनकडूनच घ्या. छाटणीचं हलकं काम वाटतं पण त्यात हात सतत डोक्याच्या वर असतात, आणि छाती उघडून ऑपरेशन झालं असेल तर त्या बाजूचा खांदा आखडलेला असतो, फासळ्यांमधली नस दुखते. आधी फिजिओथेरपिस्टकडून खांद्याचे व्यायाम, श्वासाच्या व्यायामाचं तीन गोळ्यांचं स्पायरोमीटर अजून चालू ठेवा, आणि रोजचं चालणं वाढवत न्या. बागेत खुर्ची टाका, मजुरांना काडीवरचा कुठला डोळा (कोंब फुटायची जागा) ठेवायचा ते नानांनी बसून सांगावं. डबा आणि पाण्याची बाटली बरोबर, दर दोन तासांनी खाणं, तिथे चुकतं. खाल्ल्यावर लगेच खाली वाकायचं नाही, वर येतं, काही उचलायचंच तर गुडघ्यात बसून. डॉरमेक्स (डोळे फुटण्यासाठीचं रसायन) लावताना आणि फवारणी चालू असताना नानांनी बागेत थांबू नये. मोटारसायकल एवढ्यात नको.

तंबाखू, मिश्री, दारू यातलं काही होतं का तुम्ही लिहिलं नाही. असेल तर पूर्ण बंद, "थोडी चघळली तर काय होतं" हे म्हणणाऱ्या मित्रांनाही तुम्हीच सांगा. एकादशी, नवरात्राचे उपास यावर्षी नानांचे नाहीत, घरातल्या दुसऱ्या कुणी धरावेत.

आईंबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. ज्या बाईने चाळीस वर्षं त्या माणसाला पोटभर वाढलं तिला अर्धी वाटी परत येताना बघणं किती जड जात असेल. त्यांना काम द्या, पण किती खाल्लं याचं नको, किती वाजले याचं. वेळेवर वाटी समोर येणं ही आईंची जबाबदारी, त्यातलं किती पोटात जाईल ती नानांची. माझ्या अनुभवात ही वाटणी झाली की घरातलं वातावरण आठवडाभरात बदलतं. आणि नाना आठवडेच्या आठवडे गप्प बसून असतील, झोप नाही, कशातच मन नाही असं दिसलं तर तेही डॉक्टरांना सांगा, त्यालाही औषध आणि समुपदेशन आहे, आजारपणात असं व्हायचंच म्हणून सोडून देऊ नका.

काही गोष्टींसाठी ओपीडीची वाट बघायची नाही. ताप, धाप, छातीत नवीन दुखणं, लाळसुद्धा न उतरणं, थांबत नसलेल्या उलट्या, काळी संडास, एका पायाची पोटरी सुजून दुखणं, जखमेतून किंवा मानेतून काही येणं, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी, रात्र असली तरी. अचानक जोराचं पोट-छातीत दुखणं आणि उलट्या याला गॅस समजू नका, क्वचित आतडं छातीत सरकतं आणि तेव्हा तासांचा प्रश्न असतो. ऑपरेशन जिथे झालं तिथेच न्या, आणि लांब पडत असेल तर जवळच्या दवाखान्यात डिस्चार्ज कार्ड दाखवून आधी सांगा की अन्ननलिका काढलेली आहे, नाकातून नळी ऑपरेशनच्या सर्जनला विचारल्याशिवाय घालू नका.

आत्ता लगेच करायचं ते असं करा. एका वहीत चार दिवस लिहा, किती वाजता काय खाल्लं, किती वेळाने काय त्रास झाला, घास कशाचा अडकला, नळीतून किती फीड गेलं. ती वही आणि वजनाचे आकडे घेऊन याच आठवड्यात सर्जनना भेटा, अडकण्यासाठी स्कोपी कधी करायची ते आधी विचारा आणि नळीचं नंतर. शुगर आहे का आणि फीड कुठलं, ताशी किती मिलीने चालू आहे ते इथे लिहिलंत तर दिवसाचं वेळापत्रक त्याप्रमाणे बसवून देते.